पावणेदोनशे पौंडांचा काटकुळा: डेव्हॉन्टा स्मिथची कॉलेजातली चार वर्षं

टस्कलूसाकर:
२०२५ च्या सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलची फायनल) धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की फिलाडेल्फिया इगल्सच्या हर्ट्सने तो ४६ यार्डांचा लांब बॉल ज्याच्याकडे फेकला तो सहा नंबरचा काडीपैलवान कोण, आणि मी "थांबा, याच्यावर वेगळा धागा काढतो" असं छाती पुढे काढून म्हणालो आणि गायब झालो. तर हा तो धागा. उशीर झालाय, मान्य आहे, चपला परत पायात घाला.

आधी माझा संबंध सांगून टाकतो, नंतर पक्षपाताचा आरोप नको. मी सांगलीचा, २०१७ च्या ऑगस्टमधे एमएस करायला अलाबामात टस्कलूसाला गेलो. फुटबॉल म्हणजे मला पायाने खेळतात तो माहीत. पहिल्या होम मॅचच्या शनिवारी मी शहाण्यासारखा लायब्ररीत निघालो तर सगळं गाव किरमिजी कपडे घालून रस्त्यावर, तंबू ठोकलेत, मांस भाजतायत, आज्या नाचतायत, मला वाटलं यल्लम्माची जत्राच भरलीय. गावाची वस्ती लाखभर आणि स्टेडियमही लाखभराचं, आता बोला.

त्याच वर्षी डेव्हॉन्टा स्मिथ पण तिथे आला, लुइझियानातल्या एमीट नावाच्या चारेक हजार वस्तीच्या गावातून. म्हणजे आम्ही दोघं एकाच बॅचचे, असं मी अजूनही लोकांना सांगतो. त्याला हे माहीत नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: चार प्रयत्न मिळतात, तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की परत चार, आणि बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेला की टचडाउन. वाइड रिसीव्हर म्हणजे कडेला उभा राहणारा गडी, क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पळत जाऊन झेलणारा. त्याला अडवायला समोर कॉर्नरबॅक आणि पाठीमागे राखणीला सेफ्टी. खो-खोत चांगला पळणारा कशी हुल देतो, खांदा डावीकडे टाकतो आणि उजवीकडून निसटतो, तेच काम, फक्त इथे हुल देऊन झाल्यावर बॉल झेलायचा असतो आणि झेलल्यावर शंभर किलोचा माणूस अंगावर येतो तोही सोसायचा असतो. आणि हा स्मिथ उंचीला सहा फूट, टीमच्या कागदावर १७५ पौंड, म्हणजे ऐंशी किलोच्या आत. खरं वजन त्याहून कमी होतं, ते पुढे सांगतो.

पहिल्या वर्षी म्हणजे २०१७ च्या सिझनला त्याने किती बॉल झेलले असतील? आठ. अख्ख्या सिझनमधे आठ, १६० यार्ड, तीन टचडाउन. पण त्यातले दोन कुठले ते बघा. नोव्हेंबरात मिसिसिपी स्टेटबरोबर २४-२४ चालू होतं आणि २५ सेकंद राहिलेले, तेव्हा जेलन हर्ट्सने २६ यार्डांवरून याच्याकडे टाकला, ३१-२४. आणि दुसरा ८ जानेवारी २०१८ ला अटलांटात, नॅशनल चॅम्पियनशिपच्या फायनलला. त्याच्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल, जेवून येतो.

मुरांबा:
वाचतेय. हे पहिल्यांदाच कोणीतरी मराठीत समजेल असं सांगतंय, नाहीतर नवरा टीव्हीसमोर ओरडतो तेव्हा मी फक्त "काय झालं" विचारते आणि तो "काही नाही" म्हणतो.

पीचट्री_मावशी:
मी वाचणार नव्हते. शीर्षक बघून पुढे गेले होते, पण अटलांटा शब्द दिसला आणि थांबले. आमचा मोठा तेव्हा जॉर्जियात शिकत होता, म्हणजे युनिव्हर्सिटीत, अथेन्सला. फायनल आमच्या गावात, हाफटाइमला आम्ही १३-० ने पुढे, १९८० नंतर जॉर्जिया जिंकली नव्हती, मी सकाळसाठी शिऱ्याचा रवा पण भाजून ठेवला होता. पुढचं टस्कलूसाकर यांनीच सांगावं, माझ्याच्याने होत नाही.

टस्कलूसाकर:
मावशी, माफी असावी, पण सांगावं तर लागणारच.

हाफटाइमला आमचे कोच निक सेबन यांनी हर्ट्सला, म्हणजे दोन वर्षं टीमचा क्वार्टरबॅक असलेल्या पोराला, बसवलं आणि टुआ टागोव्हायलोआ नावाच्या पहिल्या वर्षाच्या डावखुऱ्या पोराला आणलं. फायनलमधे. त्याने हळूहळू २०-२० केलं, मग शेवटच्या क्षणी आमच्या किकरने ३६ यार्डांवरची किक बाहेर मारली (रूममेटने उशी फाडली, खोटं नाही सांगत), आणि मॅच ओव्हरटाइममधे गेली. जॉर्जियाने ५१ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक, मारून २३-२० केलं. आता आमची बारी, २५ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात, आणि पहिल्याच खेळीत टुआ पळत पळत मागे गेला, मागे गेला आणि १६ यार्ड मागे पकडला गेला. दुसरा प्रयत्न, २६ यार्ड बाकी. सेकंड अँड ट्वेंटीसिक्स. अलाबामात हे तीन शब्द कोणालाही सांगा, तो तुम्हाला बसायला खुर्ची देईल.

पुढच्या खेळीला टुआने आधी उजवीकडे बघितलं, मधला राखणदार त्या नजरेला भुलला, तेवढ्यात डाव्या बाजूने स्मिथ सरळ रेषेत सुटला होता, आणि टुआने बॉल असा टाकला की पोराला पाऊलसुद्धा तोडावं लागलं नाही. ४१ यार्ड, २६-२३, खलास. फेकणारा पहिल्या वर्षाचा, झेलणारा पहिल्या वर्षाचा.

आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. लोक स्मिथ म्हटलं की हा एक बॉल सांगतात. हा त्याच्या चार वर्षांतला सगळ्यात सोपा कॅच होता. मोकळा होता तो! खरं काम त्याने पुढच्या दोन वर्षांत केलं आणि ते कोणी बघितलं नाही, कारण सगळे दुसऱ्यांकडे बघत होते.

क्रिकेटवेडा_विक्या:
म्हणजे जॉर्जियावाल्यांचा शारजा झाला हा. १९८६, चेतन शर्मा, मियाँदाद. आमच्या बाबांना आजही शेवटचा बॉल म्हटलं की पाणी लागतं.

पीचट्री_मावशी:
अगदी तेच. आणि आमच्या ह्यांनी शारजा पण लाइव्ह बघितलेला, त्यामुळे आमच्या घरात दोन झाले.

खवचट_खंडू:
राजेहो, छान लिहिता, पण एक विचारू का? तुमच्या अलाबामात त्या काळात दर झाडामागे एक पाच तारांकित पोरगा उभा असायचा. तिथे मी पण रिसीव्हर म्हणून उभा राहिलो असतो तर शंभर यार्ड काढले असते. नागपूरच्या उन्हात खेळून दाखवा मग बोलू.

टस्कलूसाकर:
खंडूभाऊ, तुमचा मुद्दा मला पुढे घ्यायचाच आहे, पण उलट्या बाजूने.

२०१८ आणि २०१९ ला अलाबामाकडे रिसीव्हर कोण कोण होते बघा: जेरी ज्युडी, हेन्री रग्ज, जेलन वॉडल आणि स्मिथ. चौघंही पुढे ड्राफ्टच्या (व्यावसायिक टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलतात ती निवड) पहिल्या राउंडमधे गेले, चौघं! ज्युडीला २०१८ ला बिलेटनिकॉफ मिळाला, म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या रिसीव्हरचं बक्षीस. रग्ज म्हणजे नुसता बाण. वॉडल बॉल हातात आला की भिंगरी. आणि स्मिथ? स्मिथ "तो चौथा". २०१८ ला मधेच मांडीचा स्नायू दुखावला, वर्षभरात ४२ कॅच, ६९३ यार्ड, सहा टचडाउन. वाईट नाही, पण पोस्टरवर कोणी लावत नाही.

मग २०१९. २८ सप्टेंबरला ओल मिस, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटी, आमच्याकडे आलेली, मी त्या दिवशी वरच्या स्टँडमधे होतो, उन्हाने डोकं उकळलेलं. ११ कॅच, २७४ यार्ड, पाच टचडाउन. एका मॅचमधे! दोन्ही अलाबामाचे रेकॉर्ड. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, बेअर ब्रायंट या जुन्या कोचच्या जमान्यापासून मॅचेस बघणारे, ते चौथ्या टचडाउननंतर ओरडायचेच थांबले, नुसते टोपी काढून बसले.

त्या वर्षी त्याचे १,२५६ यार्ड आणि १४ टचडाउन. ज्युडीपेक्षा जास्त, रग्जपेक्षा जास्त, वॉडलपेक्षा जास्त. तरी जानेवारी २०२० ला ड्राफ्टची चर्चा सुरू झाली तेव्हा पेपरात नावं कोणाची, ज्युडी आणि रग्ज. ते गेले, रग्ज बाराव्या नंबरावर, ज्युडी पंधराव्या. आणि स्मिथ म्हणाला मी परत येतोय, चौथं वर्ष खेळणार.

मुरांबा:
पण मग तोटाच ना? परत आला म्हणजे पगार नाही वगैरे?

टस्कलूसाकर:
बरोबर प्रश्न. तेव्हा कॉलेजच्या पोरांना स्कॉलरशिप सोडून दमडी घ्यायची परवानगी नव्हती, स्वतःच्या नावावर जाहिरात करून पैसे कमवायची मुभा १ जुलै २०२१ पासून आली, म्हणजे तो गेल्यावर. आणि धोका काय तर नोव्हेंबर २०१९ ला टुआचं कंबरेचं हाड सगळ्या देशासमोर निखळलेलं. ते बघून पण एक पावणेदोनशे पौंडांचा पोरगा अजून एक वर्ष फुकट अंगावर घ्यायला तयार होतो, ह्याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही. माझी आई असती तर तिने अन्नपाणी सोडलं असतं.

निरंजन_फिली:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फिलाडेल्फियावाल्यांचा ह्या माणसावर जीव आहे, पण कॉलेजचं एवढं माहीत नव्हतं. रच्याकने, वजनाचा घोळ इकडे पण लई गाजला होता. ड्राफ्टच्या आधी एप्रिल २०२१ मधे काट्यावर उभं केलं तेव्हा १६६ पौंड भरलं, म्हणजे ७५ किलो. रेडिओवर एक जण दर तासाला म्हणायचा की हा पहिल्या थंडीत मोडणार.

स्वप्ना_ठाणे:
७५ किलो म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा कमी! मग हा मोडत कसा नाही? खरंच विचारतेय.

टस्कलूसाकर:
स्वप्नाताई, धाग्याचा गाभा तुम्ही एका ओळीत विचारलात.

मला समजलं तेवढं सांगतो, जाणकारांनी कान पिळावा. समोरचा कॉर्नरबॅक खेळी सुरू होताच तुम्हाला हाताने धक्का मारू शकतो, त्याला प्रेस म्हणतात. हलक्या पोराला तिथेच अडकवायचं, त्याची वेळ चुकवायची, क्वार्टरबॅकचं गणित बिघडवायचं, एवढा साधा उपाय. आता स्मिथचं काय, तर तो धक्का लागू द्यायचा नाही. पहिली दोन पावलं अशी टाकायचा की समोरच्याची कंबर चुकीच्या दिशेला वळायची, आणि समोरचा हात पुढे करायचा तेव्हा हा त्या हातावर चापट मारून बाजूने निघून गेलेला. शेंगा सोलताना बायका कशा न बघता सोलतात तसं चालायचं ते, त्यात जोर कुठे दिसायचाच नाही.

दुसरं म्हणजे मोशन. आमचे ऑफेन्सचे कोच स्टीव्ह सार्किसियन, त्यांनी २०२० ला स्मिथला एका जागी उभंच केलं नाही. खेळी सुरू व्हायच्या आधी तो या टोकाकडून त्या टोकाला पळत जायचा, कधी मधे उभा, कधी बाहेर. पळणाऱ्याला प्रेस करता येत नाही, कारण तुम्ही त्याच्या समोर उभेच नसता. आणि तो पळाला की कोण मागे जातो त्यावरून क्वार्टरबॅकला कळायचं की समोरच्यांनी माणूस धरलाय की जागा धरलीय.

तिसरं, आणि हे माझं स्वतःचं मत, तो कॅच घेताना बॉल छातीवर येऊ द्यायचा नाही, हात पुढे करून वाटेतच उचलायचा. त्यामुळे मागून येणाऱ्याला अर्धा सेकंद कमी मिळायचा.

पिट्सबर्गची_पल्लवी:
लेखन मस्त, पण इथे मला जरा खोडा घालायचाय. लॅरी फिट्झजेराल्ड विसरलात का? पिट, म्हणजे आमची पिट्सबर्ग युनिव्हर्सिटी, २००३. दुसऱ्या वर्षाचा पोरगा, ९२ कॅच, १,६७२ यार्ड, २२ टचडाउन, आणि त्याच्या टीममधे पहिल्या राउंडचे चार चार रिसीव्हर नव्हते, सगळ्यांना माहीत होतं बॉल कोणाकडे जाणार आणि तरी जायचा. हाइझमनला दुसरा आला, ओक्लाहोमाच्या जेसन व्हाइटला दिलं. आमच्याकडे ह्या विषयावर अजूनही जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात. स्मिथ मोठा आहे, पण "सर्वात मोठा" म्हणत असाल तर मी नाही येणार त्या पंक्तीला.

खवचट_खंडू:
पल्लवीताईंना अनुमोदन. आणि टेक्सास टेकचा मायकल क्रॅबट्री, २००७ ला १३४ कॅच आणि १,९६२ यार्ड, ते पण पहिल्याच सिझनमधे. बोला राजेहो.

टस्कलूसाकर:
फिट्झजेराल्डच्या बाबतीत मी भांडणार नाही. २००३ चं हाइझमन त्याचंच होतं असं मला पण वाटतं, आणि साध्या टीममधे उठून दिसणं कठीण हेही खरं. क्रॅबट्रीबद्दल म्हणाल तर टेक्सास टेक प्रत्येक खेळीला बॉल हवेतच फेकायची, तिथे आकडे फुगतात, खंडूभाऊंनी स्वतः वर हाच नियम आम्हाला लावलाय तर तो तिकडेही लावावा.

पण "चार रिसीव्हर होते म्हणून सोपं" ह्याच्यावर मी अडणार. २०२० ला दोघं गेलेले होते. उरला वॉडल, आणि २४ ऑक्टोबरला टेनेसीत मॅचच्या पहिल्याच किकला त्याचा घोटा मोडला. त्या क्षणापासून समोरच्या प्रत्येक टीमला माहीत होतं की अलाबामाचा बॉल सहा नंबरकडे जाणार. पुढच्या आठवड्यात मिसिसिपी स्टेट: ११ कॅच, २०३ यार्ड, चार टचडाउन. नोव्हेंबरात ऑबर्न, तेव्हा सेबन कोविडमुळे घरी, सार्किसियन मैदानावर: १७१ यार्ड, दोन टचडाउन. मग ५ डिसेंबरला एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट, बॅटन रूजला, म्हणजे स्मिथच्या घरापासून तासाभरावर, ज्या राज्याने त्याला "आमचा पोरगा बाहेर गेला" म्हणून मनात ठेवलेलं. आठ कॅच, २३१ यार्ड, तीन टचडाउन. त्यातला एक डेरेक स्टिंग्लीच्या डोक्यावरून एका हाताने. स्टिंग्ली म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या कॉर्नरबॅकांपैकी, चिकटून उभा होता, काहीही चुकलं नव्हतं त्याचं. ती क्लिप बघा आणि मग म्हणा की टीमच्या जोरावर.

आणि वॉडल पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथाडून दिलेला बॉल, पण पळत परत आणायचा, तो गेल्यावर ते काम पण ह्यालाच दिलं. आर्कान्सासला ८४ यार्ड पळत आणला. घरात एक माणूस आजारी पडला की दुसऱ्याने भाजी पण आणायची आणि दळण पण, तसं.

क्रिकेटवेडा_विक्या:
ओके, पटलं. हाइझमन म्हणजे नक्की काय ते पण सांगा, नुसतं नाव ऐकलंय.

टस्कलूसाकर:
कॉलेज फुटबॉलमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, पत्रकार आणि जुने विजेते मतं देतात. सहसा क्वार्टरबॅकलाच मिळतं, कारण बॉल त्याच्या हातात असतो. वाइड रिसीव्हरला शेवटचं १९९१ ला मिशिगनच्या डेस्मंड हॉवर्डला मिळालेलं. त्याच्या आधी १९८७ ला नोट्र डेमचा टिम ब्राउन. म्हणजे स्मिथला ५ जानेवारी २०२१ ला मिळालं तेव्हा २९ वर्षं झाली होती. कोविडमुळे समारंभ ऑनलाइन, न्यूयॉर्क नाही, सूटबूट घालून रांगेत बसणं नाही. बाकीचे तीन फायनलिस्ट सगळे क्वार्टरबॅक: ट्रेव्हर लॉरेन्स, काइल ट्रास्क, आणि त्याला बॉल फेकणारा मॅक जोन्स! झेलणाऱ्याने फेकणाऱ्याला हरवलं. बोलताना तो म्हणाला की जी पोरं अंगाने लहान आहेत त्यांनी दम धरावा, मलाही माझ्या अंगावरून लोकांनी कमी समजलं. तेवढं बोलून बसला, फार बोलणारा माणूस नाही तो.

एक गंमत सांगतो. मतमोजणीत त्याला १,८५६ पॉइंट मिळाले. आणि सहा दिवसांनी फायनल संपली तेव्हा सिझनचे एकूण यार्ड किती? १,८५६. ज्योतिष मानणाऱ्यांनी इथे विसावा घ्यावा.

निरंजन_फिली:
कायच्या काय! हे खरंच माहीत नव्हतं.

स्वप्ना_ठाणे:
२०२४ ला कोलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरला पण मिळालं ना? तो पण रिसीव्हर.

टस्कलूसाकर:
हो ताई, पण तो दोन्हीकडे खेळायचा, झेलायचा पण आणि अडवायचा पण. निव्वळ रिसीव्हर म्हणाल तर स्मिथच शेवटचा. बरं झालं आठवण केलीत, नाहीतर खंडूभाऊंनी पकडलं असतं.

बकआय_बंड्या:
कोलंबसहून नमस्कार. फायनलचं नाव निघालंय तर मी पण माझं दुःख मांडतो, मावशींना जरा सोबत. ११ जानेवारी २०२१, मायामी, ओहायो स्टेट विरुद्ध अलाबामा. आमच्या घरी सात जण, सगळे कोविड टेस्ट करून आलेले, वडापावाचा बेत. पहिल्या हाफमधे स्मिथने १२ कॅच, २१५ यार्ड, तीन टचडाउन. हाफमधे! एकदा तर तो मधून पळत सुटला आणि त्याच्या मागे कोण, तर आमचा लाइनबॅकर टफ बोरलँड. भला माणूस, टीमचा कॅप्टन, पण त्याचं काम समोरच्या पळणाऱ्याला आडवं पाडायचं, स्मिथच्या मागे त्याला पाठवणं म्हणजे एसटीला राजधानी एक्स्प्रेसच्या मागे सोडणं. टचडाउन झाल्यावर कॅमेऱ्यात बिचारा दहा यार्ड मागे दिसत होता. मी उठलो आणि भांडी घासायला गेलो. बायकोने विचारलं "एवढ्यात?" म्हटलं हो, संपलं.

तिसऱ्या क्वार्टरला त्याचं बोट निखळलं आणि तो आत गेला, तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला "आता येऊ आपण". ५२-२४ हरलो.

खवचट_खंडू:
बंड्याभाऊ, त्या रात्रीचा वडापाव कोणी खाल्ला?

बकआय_बंड्या:
मीच. सात जणांचा.

मुरांबा:
हा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणे "बोरलँडचं सांगितलं का त्यांनी?" म्हणजे सगळ्यांना आठवतोय तो बिचारा.

टस्कलूसाकर:
बंड्याभाऊ, तो बोरलँडवाला प्रसंग आमच्याकडे शिकवणीला वापरतात. तीच मोशनची करामत, स्मिथ आधी एकीकडे सरकला, समोरच्यांची अदलाबदल चुकली आणि लाइनबॅकर त्याच्या वाट्याला आला. दोष बोरलँडचा नाही, ज्याने त्याला त्या जागी आणून ठेवलं त्या डोक्याचं ते श्रेय. आणि ते डोकं, सार्किसियनचं, पुढच्या सिझनला टेक्सासला गेलं.

चार वर्षांची बेरीज देतो म्हणजे खंडूभाऊंची कॅलक्युलेटरची हौस भागेल: २३५ कॅच, ३,९६५ यार्ड, ४६ टचडाउन. अलाबामा ज्या गटात खेळते त्या कॉन्फरन्सचा टचडाउनचा रेकॉर्ड आधी होता ३१, आमचाच अमारी कूपर आणि फ्लोरिडाचा ख्रिस डोअरिंग दोघांच्या नावावर. एकतीसवरून सेहेचाळीस. आणि त्या २३५ मधले निम्मे, ११७, एकट्या शेवटच्या वर्षातले. पहिल्या वर्षी आठ. म्हणून मला तो अटलांटाचा बॉल एवढा मोठा वाटत नाही. तो बॉल झेलून एखादा पोरगा आयुष्यभर त्यावरच चहा पीत बसला असता, अलाबामात तर कोणी बिल पण घेतलं नसतं. हा पुढची दोन वर्षं चौथा म्हणून उभा राहिला आणि रोज सरावाला ज्युडी, रग्जच्या मागे रांगेत लागला.

पिट्सबर्गची_पल्लवी:
हे मात्र पटलं. फिट्झजेराल्ड दोन वर्षांत गेला, स्मिथने चार काढली. तुलना करताना मी हे धरलंच नव्हतं. तरी २००३ चं हाइझमन आमचंच.

टस्कलूसाकर:
तुमचंच. लिहून घ्या.

निरंजन_फिली:
आता पुढचं मी सांगतो, ते आमच्या हद्दीत येतं. ड्राफ्टला वॉडल सहाव्या नंबरावर मायामीला गेला, म्हणजे परत स्मिथच्या आधी दुसरा कोणीतरी! आमच्या इगल्सचा नंबर होता बारावा, त्यांनी डॅलसबरोबर, होय, डॅलसबरोबर, सौदा केला, तिसऱ्या राउंडचा एक पिक वर देऊन दहाव्यावर उडी मारली आणि ह्याला उचललं. डॅलसच्या काउबॉइजशी व्यवहार म्हणजे आमच्याकडे बाटवाबाटवी समजतात, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

आणि इकडे क्वार्टरबॅक कोण होता? जेलन हर्ट्स. तोच, ज्याला अटलांटात हाफटाइमला बसवलं. तो मधे ओक्लाहोमाला गेला, मग ड्राफ्टमधे आमच्याकडे आला. म्हणजे स्मिथला कॉलेजात मिसिसिपी स्टेटविरुद्ध पहिला मोठा बॉल फेकणारा हर्ट्स, आणि फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमधे ४६ यार्ड फेकणारा पण हर्ट्स. ४०-२२ ने कॅन्सस सिटीला धुतलं. तेव्हा रेडिओवरचा तो थंडीत मोडणारवाला फोनच उचलत नव्हता.

टस्कलूसाकर:
आणि न्यू ऑर्लिन्सपासून एमीट गाडीने तास-सव्वा तास. हे राहिलं होतं सांगायचं.

स्वप्ना_ठाणे:
अवांतर: सांगलीहून टस्कलूसाला गेल्यावर जेवणाचं काय करायचात?

टस्कलूसाकर:
बर्मिंगहॅमला जाऊन भारतीय दुकानातून महिन्याचं सामान, तास जायला तास यायला. मॅचच्या दिवशी तो रस्ता धरायचा नाही, एकदा धरला होता, कढीपत्ता वाळून गेला.

पीचट्री_मावशी:
परत आले. काल रात्री हा धागा वाचून झाल्यावर ती क्लिप बघितली, सात वर्षांनी पहिल्यांदा. आमच्या मोठ्याला फोन केला, तो शार्लटला असतो, म्हटलं तू पण लाव. दोघांनी फोनवर बरोबर लावली. तुम्ही म्हणता ते खरं आहे, टुआ उजवीकडे बघतो आणि आमचा सेफ्टी तिकडे एक पाऊल टाकतो, एकच पाऊल, मग वळतो आणि पळायला लागतो. मोठा म्हणाला, आई, परत लाव, मला वाटतं ह्यावेळी पोचेल.